नाना, भट्टीचं भांडण राहिलंच

नाना, सोनगीरला पोहोचायला मला उशीर झाला. तार सकाळीच आली होती. पण ती हातात घेऊन मी गिरणीच्या दारात नुसता उभा राहिलो आणि तेवढ्यात धुळ्याची पहिली एसटी गेली. दुसरी मिळाली तर पारोळ्याच्या पुढे तिचं चाक बसलं. तुमच्या घरी आलो तेव्हा सगळं आटोपून माणसं आंघोळी करून ओट्यावर बसली होती. तुमच्या मुलानं मला जागा करून दिली. काकू आतून आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काही खादं का, भाऊ?"

त्यांचं घर उजाड झालेलं आणि विचारपूस माझी. मी मान हलवली. खाल्लं म्हणून की नाही म्हणून, मलाच सांगता आलं नसतं. तुम्हाला सांगायची एकच गोष्ट घेऊन मी एवढा आलो होतो आणि ती कोणाला सांगावी ते कळत नव्हतं. होळीच्या आधी मी तुम्हाला जे बोललो, ते मला परत घ्यायचं होतं.

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले. गिरणी चालू आहे. पट्टा फिरतो, रोल फिरतात, चाळण्या हलतात. तुमच्या जागी तुमच्याच हाताखाली तयार झालेला मिस्त्री आहे आणि तो चांगला आहे. तरी आवाजात जरा फरक पडला की माझी मान आपोआप वळते, तुम्ही कुठे उभे आहात ते बघायला.

तुमची-माझी पहिली भेट तुम्ही लोकांना रंगवून सांगायचात, म्हणून मला तिचा राग यायचा. आता राग येत नाही. मी पुण्याहून कॉलेज संपवून जळगावला आलो होतो. आमच्या बाबूजींच्या डाळगिरणीत बचत कशी करायची ते मला पाठ होतं: जिथे दोन लागतात तिथे एक द्या, जिथे महाग आहे तिथे स्वस्त घ्या. ऐन हंगामाच्या तोंडावर मी स्वस्तातले पट्टे आणवले. तुम्ही ते हातात घेऊन वाकवून पाहिले आणि तसेच चढवले. आठवड्याच्या आत तीन तुटले, तिसरा तर बाबूजी समोर उभे असताना. गिरणी थांबली, बाहेर बैलगाड्यांची रांग लागली आणि तुम्ही चक्क हसलात.

"भाऊ," तुम्ही म्हणालात, "स्वस्त लेनं आन् वाचाडणं, या दोन येगयी गोष्टी शेतस."

स्वस्त घेणं म्हणजे वाचवणं नव्हे, असं मालकाच्या मुलाला सगळ्यांदेखत हसून सांगणारा मिस्त्री! मी बाबूजींकडे तक्रार घेऊन गेलो. बाबूजी म्हणाले, "एक वर्ष त्यांच्याबरोबर राहा. मग त्यांना काढायचं असेल तर तू काढ." मी राहिलो. एकाची दहा वर्षं झाली.

तुम्हाला शाळा चौथीपर्यंतची. पण तुमच्या डोक्यात जी शिस्त होती ती माझ्या कॉलेजात मला कोणी दिली नव्हती. महिन्याला एकच गळती निवडायची. गळती म्हणजे तुमच्या भाषेत जे काही वाया जातं ते सगळं: सांडलेली तूर, तुटलेली डाळ, फुकट फिरणारं यंत्र, माणसाची विनाकारण होणारी चक्कर. मग "पयले देखा, मंग इचारा, मंग हात लावा." तीन दिवस तुम्ही रिकाम्या पोत्यावर बसून नुसतं बघायचात. मला तर पहिल्या दिवशी दुपारीच झोप आली होती. विचारायचं तेव्हा ज्याचा हात मालाच्या सगळ्यात जवळ त्याला आधी आणि शेठला शेवटी, कारण शेठ बोलला की बाकीचे बोलायचे थांबतात. हात लावायचा तो एकाच गोष्टीला, तेही एका छोट्या ढिगावर, आणि शेजारी जुन्या पद्धतीचा ढीग ठेवायचा. आणि ज्याला बदल करायचा आहे त्यानेच विचारायला जायचं, दुसऱ्याला पाठवायचं नाही. या शेवटच्या नियमाचं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं.

डाळ तुटायची ती गोष्ट मला अजून जशीच्या तशी दिसते. एका वर्षी अख्ख्या डाळीत तुकडा फार येऊ लागला. मी म्हणालो रोल झिजले, नवे आणू. बाबूजी म्हणाले तूरच वाईट. तुम्ही पोतं उचललंत आणि रोल सोडून बाहेर पटांगणात जाऊन बसलात, जिथे तेलपाणी लावलेली तूर उन्हात पसरतात आणि बाया दिवसभर पाय ओढत तिच्यातून ओळी काढतात, खालची वर यावी म्हणून. चौथ्या दिवशी तुम्ही गंगूअक्काला विचारलंत. अमळनेरकडची बाई, आमच्याकडे येऊन तिला तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. तिने तुम्हाला गोदामाच्या भिंतीकडे नेलं आणि पायाच्या अंगठ्याने जमिनीवर एक रेघ ओढली.

"आठे चार वाजता सावली येस. आठली तूर वरतून सुकेल दिखस, मझारतून वली ऱ्हास."

चारला जिथे सावली येते तिथली तूर वरून सुकी, आतून ओली. तीच डाळ रोलखाली तुटत होती आणि आम्ही रोलला दोष देत होतो. तुम्ही त्या रेघेच्या आतली तूर वेगळी गोळा करायला लावलीत, तिला एक दिवस जास्तीचं ऊन दिलंत. बस्स, एवढंच. ना नवा रोल, ना नवा खर्च. तुकडा निम्म्यावर आला. मी नाचायच्या बेतात होतो आणि तुम्ही म्हणालात की सगळे ऋतू बघितल्याशिवाय याला बचत म्हणायचं नाही. उन्हाळ्यात वाचतं ते हिवाळ्यात जातं का, ते बघायचं. हिवाळ्यात सावली लवकर आली, रेघ पुढे सरकली, तुम्ही ढीगही सरकवलात. मग कुठे तुम्ही हो म्हणालात.

आणि तुम्ही चुकायचातही, हे मी मुद्दाम लिहितो. नाहीतर उद्या लोक तुमचा देव करतील आणि तुम्हाला ते अजिबात आवडणार नाही. ऊब टिकावी म्हणून तुम्ही एकदा तुरीच्या ढिगावर ओलसर तागाची पोती घालायला सांगितलीत. छोट्या ढिगावर ठीक निघालं, मोठ्या ढिगाला वास लागला. सगळा माल गुरांच्या खाद्यात गेला. कोणी बोलायच्या आत तुम्ही स्वतः बाबूजींपुढे जाऊन उभे राहिलात. बाबूजींनी विचारलं, आता काय करणार? "आते हाई फिरी कोनी करावं नही, इतलंच," असं म्हणालात आणि मला गोदामाच्या दारावर खडूने ते लिहायला लावलंत. त्या दारावर फसलेल्या गोष्टींची यादीच होती. बाहेरून आलेला प्रत्येक व्यापारी ती वाचायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुम्ही मात्र पाहुण्यांना हौसेने तिकडे न्यायचात.

धुळ्याच्या त्या तेलगिरणीवाल्याने तुम्हाला सल्ल्यासाठी बोलावलं, तेव्हा मीही आलो होतो. तीन दिवस तुम्ही त्याच्या घाण्यापाशी बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे आजारी आहेत का?" जेवायला तिथेही, रोजच्यासारखी, तुम्ही घरून कळण्याची भाकरी आणायचात. लसणाची चटणी तुमच्यासाठी आणि बिनलसणाची वेगळ्या पुडीत माझ्यासाठी, कारण आम्ही जैन. त्या वेगळ्या चटणीचं काकूंना कोण सांगत होतं? मी कधीच सांगितलं नव्हतं. दहा वर्षं मी ती खाल्ली आणि एकदाही आभार मानले नाहीत. आज मानतो, नाना. फार उशिरा, पण मनापासून.

आता भट्टीचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय आणि इकडचं तिकडचं सांगत वेळ काढतोय.

गेल्या थंडीत मी इंदूरला एका गिरणीत वाळवणीची भट्टी पाहिली. गरम हवेचा झोत, चार दिवसांचं वाळवण एका दिवसात, ना सावली, ना रेघ, ना पटांगण. परत येऊन मी तुमच्याच पद्धतीने हिशेब मांडला, निदान मला तसं वाटलं. गळती कुठे आहे? पटांगणात. चौदा बाया, दिवसभर पाय ओढणं. भट्टी आली की पटांगणाचं काम संपलं. मी मोठ्या खुशीत तो कागद तुमच्यापुढे धरला. मला वाटलं होतं, आज नाना पाठ थोपटणार.

तुम्ही कागद नीट पाहिलात. मग म्हणालात, "बायासले इचारं का, भाऊ?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "काय विचारू? तुमचं काम जाणार आहे, कसं वाटतं, असं विचारू?"

"इचारा तरी."

"नाना, तुम्हाला त्यांची दया येते. दयेवर गिरणी चालत नाही. तुमची पद्धत सांडलेल्या तुरीपुरती ठीक होती. आता दिवस बदलले, ती संपली." हे मी रोलच्या आवाजावर आवाज चढवून बोललो. सगळ्या गिरणीने ऐकलं. बाबूजी आत गादीवर होते, त्यांनीही ऐकलं आणि माळ ओढणं थांबवलं.

तुम्ही डोक्यावरची टोपी काढून झटकलीत, परत घातलीत आणि चाळणी बघायला निघून गेलात. दुसऱ्या दिवशी वेळेवर आलात. भट्टीचं नाव परत काढलं नाहीत आणि मीही काढलं नाही. दोन महिने आपण पट्ट्याबद्दल, ग्रीसबद्दल, भरड्याबद्दल बोललो. तुम्ही रागावला असाल तर मला कळू दिलं नाहीत. मला वाटलं, म्हातारा रुसलाय, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की मी हसत हसत विषय काढीन, तुम्ही दोन शब्द टोचून बोलाल आणि होईल सगळं गोड. आखाजीला लेकी माहेरी येणार म्हणून तुम्ही काकूंना घेऊन सोनगीरला गेलात. जाताना छातीत जरा कळ येते म्हणालात. मी म्हणालो डॉक्टरांना दाखवा. तुम्ही म्हणालात, "आलो की दाखवतो." माझ्याशी बोलताना तुम्ही क्वचितच असं शहरी मराठी बोलायचात, बहुतेक विषय संपवायचा असला की. तुमच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं.

मला स्वतःचा राग येतो, नाना. तुमचा पण येतो, ते लपवून काय करू. दोन महिने होते तुमच्यापाशी. एकदा कान धरून सांगितलं असतंत तर? तुम्ही वडिलांच्या जागी होतात, तुमचा हक्क होता. गप्प राहून तुम्ही मला शिक्षा केलीत असं मी या पंधरा दिवसांत कितीदा तरी मनात म्हटलं. आणि दर वेळी म्हटल्यावर लाज वाटली.

परवा इंदूरचा माणूस कागद घेऊन आला. सही केली की भट्टीची ऑर्डर पक्की. बाबूजी म्हणाले, "तुझं तू ठरव." मी पेन उघडलं आणि हात पुढे जाईना. तुमच्या आठवणीने जाईना, की तुमच्यापुढे हरायचं नव्हतं म्हणून जाईना, देव जाणे. मी त्याला म्हणालो, उद्या या. तो जरा वैतागूनच लॉजवर गेला.

काल सकाळी मी पटांगणात गेलो. दहा वर्षांत मी तिथे शंभरदा गेलो असेन, पण तो तुमच्यामागून, नाहीतर उन्हातून घाईघाईने. काल एक पोतं टाकून बसलो. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. ओळी काढणं थांबलं नाही, पण गाणं थांबलं. तीन दिवस बसायला मला सवड नव्हती, माणूस लॉजवर होता. दुपारी त्या भाकरी सोडून बसल्या तेव्हा मी जवळ गेलो आणि सरळ सांगून टाकलं: अशी अशी भट्टी आहे, ती आली की तुरीला ऊन लागणार नाही, म्हणजे तुमचं हे काम राहणार नाही. मला घ्यावीशी वाटते. तुम्ही काय म्हणता?

मी आरडाओरड ऐकायच्या तयारीने बसलो होतो. गंगूअक्काने हातातला घास संपवला आणि पाणी पिऊन विचारलं, "भट्टी पानीमा चालस का?"

पावसात चालते का? मी म्हणालो, चालते, छपराखाली असते, पावसाचा तिला काय संबंध.

"मंग पावसायामा चालू करा ना. चार महिना आमी घर बसतस, तूर गोदाममा बसस, तिले किडा लागस. उन्हायामा कसाले जाळतस लाकडं? सूर्य शे ना वर."

नाना, पावसाळ्याचे चार महिने गिरणी बंद असते हे आपण कधी नुकसान म्हणून धरलंच नव्हतं. बाबूजींच्या आजोबांपासून तसंच चाललंय. आमच्या घरी चातुर्मास, महाराजांची प्रवचनं, उपास. तुम्ही पेरणीला सोनगीरला. पाऊस म्हणजे सुट्टी, ऊन नाही तर डाळ नाही, यात बघण्यासारखं काय आहे? गळती शोधायला आपण चालू गिरणीत पोत्यावर बसलो, बंद गिरणीत बसायला कोण जाणार! सगळे ऋतू बघायचे म्हणणारे तुम्ही, आणि एक अख्खा ऋतू तुम्हीसुद्धा शेतात घालवलात. तो ऋतू या चौदा जणींनी घरात बसून काढला होता, दरवर्षी, चूल कशी पेटवायची याची काळजी करत.

मग मी कागद काढला आणि त्या बोलत गेल्या. भट्टी फक्त पावसाळ्यात चालवायची, म्हणजे लहान पुरते. सरपण फक्त चार महिन्यांचं. उरलेले आठ महिने ऊन फुकट. गोदामातली तूर किडायच्या आत तिची डाळ होते. भट्टीला माल घालायला, हलवायला, काढायला माणसं लागणारच, ती म्हणजे याच. एकीने विचारलं, भट्टीजवळ लुगड्याचा पदर सांभाळता येईल का. दुसरी म्हणाली, धूर कुठे जाणार ते आधी बघा. तासाभरात त्यांनी जेवढे प्रश्न काढले तेवढे मी इंदूरला अख्खा दिवस घालवून काढले नव्हते. माझ्या आधीच्या हिशेबापेक्षा हा कितीतरी चांगला होता, आणि त्यात कोणाचं काम जात नव्हतं. मी तुमच्याशी ज्यावरून भांडलो ते भांडणच मुळात खोटं निघालं. बाया की भट्टी असा प्रश्नच नव्हता.

अर्थात एक पावसाळा काढल्याशिवाय मी याला बचत म्हणणार नाही. छोट्या भट्टीची ऑर्डर दिली आहे. इंदूरचा माणूस तोंड पाडून गेला. बाबूजींना सांगितलं की यंदा चातुर्मासात गिरणी चालेल. त्यांनी माळ हातात घेतली. मग म्हणाले, "प्रवचनाला मी एकटा जाईन."

पण एक गोष्ट अजून राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय मला हे पत्र मिटता येणार नाही.

उठता उठता मी गंगूअक्काला जरा रागानेच म्हणालो, "भट्टीचं मी होळीच्या आधीच एवढ्या मोठ्याने बोललो होतो, सगळ्या गिरणीने ऐकलं. तुम्हीही ऐकलं असेल. मग तेव्हाच येऊन हे का नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "आमी येनारच व्हतूत. नाना नही म्हने. सांगे, भाऊ गरम शे, पन भाऊ येई. तो सोता येई, आन् इचारी. तवलोंग कोनी जाऊ नका." मग पदर सावरत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमी होळीपाईन वाट देखी ऱ्हायनूत, भाऊ. नाना बी रोज संध्याकाळी इचारे, आज इना का?"

म्हणजे त्या दोन महिन्यांत तुम्ही माझ्यावर रुसला नव्हतात, मी स्वतः येऊन विचारीन म्हणून सगळ्यांना थांबवून ठेवलं होतंत. रोज संध्याकाळी, घरी जायच्या आधी, तुम्ही पटांगणात जाऊन मी आलो का ते विचारत होतात. सोनगीरला निघायच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा विचारलंत, असं ती म्हणाली.

काल आलो, नाना.